उजव्या पायाची बातमी

९ जानेवारी

प्रिय मामा,

पोचलास ना नीट? मामीचा फोन आला होता, पण तो सगळा तू इथं विसरलेल्या मफलरबद्दल होता, त्यामुळे तुझी खुशाली राहूनच गेली.

काल तू आमच्या ट्रॅकवर नवी गाडी चालवलीस, उतरलास, दार हळूच लावलंस आणि म्हणालास, ‘लिहितो.’ आमचे साहेब शेजारीच उभे होते. त्यांना वाटलं, म्हातारबुवा भारावून गेले. मला मात्र ठाऊक आहे, गाडी आवडली की तू दार आपटतोस.

तुझ्याबरोबर बोलावलेल्या बाकीच्या निवृत्त चाचणी-चालकांनी तोंड भरून कौतुक केलं. एक जण तर म्हणाले, असली गाडी आमच्या वेळी असती तर आम्ही घरी गेलोच नसतो. पण मामा, मला त्यांचं काय करायचंय? या गाडीचं स्टिअरिंग हाताला किती जड लागावं आणि ब्रेकच्या पेडलनं पायाला किती दाद द्यावी, यात माझी तीन वर्षं गेली. आकडे उत्तम आहेत. पण ज्याला गाडी चालवण्याचं वेड आहे, त्याचा जीव या गाडीत रमेल का, ते आकड्यांत दिसत नाही. पुढच्या महिन्याच्या शेवटी ‘झालं’ म्हणून मला सही करायची आहे. त्याआधी तुझं मत हवं, आणि हातचं राखून नको.

फोन करू नकोस. फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणून मोकळा होशील. मी वसतिगृहात असताना पत्रांची सवय तूच लावलीस, आता निस्तर.

तुझी,
भिंगरी

१६ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. मफलर तुलाच ठेव, तुझ्याकडे थंडी जास्त.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर तुझी मामी म्हणेल, पोरीच्या कष्टांवर पाणी फिरवलं. गाडी भयंकर वेगवान आहे. आमच्या कारखान्यात असली गाडी आली असती तर पहिले आठ दिवस आम्ही एकमेकांना ‘तू बस, तू बस’ करत राहिलो असतो. आणि इथंच माझी तक्रार सुरू होते. मला भीती वाटलीच नाही. तिसऱ्या वळणात मी मुद्दाम जरा जास्त वेगानं शिरलो. म्हटलं, आता तरी ही बया काही बोलेल. मागची चाकं सरकतील, मी तिला सावरीन. छे! वळण आलं आणि गेलं. मी गाडी चालवत नव्हतो, गाडी मला फिरवून आणत होती.

स्टिअरिंगला वजन आहे, पण बातमी नाही. पुढच्या चाकाखाली खडी आली, ओल आली, की ते तळहाताला कळलं पाहिजे. तुमच्या स्टिअरिंगच्या विजेच्या मोटरनं नुसता जडपणा दिलाय. समोरचा माणूस ऐकत नसताना मान डोलावतो ना, तसं वाटलं. ब्रेकचं तर विचारूच नकोस. पेडल कुठं सुरू होतं, कुठं लागतं, पत्ताच नाही. गादीवर पाय ठेवल्यासारखं. ॲक्सिलरेटरचंही तेच. आणि तो इंजिनाचा आवाज! माझ्या पाठीमागच्या स्पीकरमधून येतोय हे मला पहिल्याच फेरीत कळलं. म्हाताऱ्याला इतकं फसवू नये गं.

खरं सांगायचं तर हल्ली सगळीकडे हीच बोंब आहे. आमच्या म्हातारीचेही ब्रेक मऊ लागायला लागलेत. एवढी वीस वर्षांची इमानी गाडी, दोनदा मेकॅनिककडे नेली. त्यानं पॅड बदलले, तेल बदललं आणि म्हणाला, ‘काका, काही दोष नाही.’ सुटे भागच आता पूर्वीचे मिळत नाहीत, त्याला तो काय करणार.

रागावू नकोस. दर रविवारी सकाळी मी आणि तुझी मामी म्हातारीला घेऊन घाट चढून येतो, ते तुला माहीतच आहे. नोकरी सुटली, बरोबरचे एकेक करून गेले, डॉक्टरांनी गोड बंद केलं. कशाचं काही वाटलं नाही. स्टिअरिंग हातात आहे तोवर मी मी आहे. ते सुटलं तर मागे राहतं काय? पेपर आणि गोळ्यांचा डबा. म्हणून असल्या गाड्यांचा राग येतो. माणसाच्या हातातून नेमकं तेच काढून घेता आणि वर त्याला सोय म्हणता.

मामा

२२ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र वाचून आधी रडले, मग मनातल्या मनात तुझ्याशी कडाडून भांडले, आणि मग उठून साहेबांकडे गेले. म्हटलं, स्टिअरिंग मुकं आहे, मला आणखी वेळ द्या. ते म्हणाले, ‘अहो, गिऱ्हाईक ही गाडी घेऊन वळणावर किती वेळ असतं? बाकी सगळा वेळ रहदारीत. तिथं खडी हाताला कळून करायचंय काय?’

मी इरेला पेटले. आमच्या गाडीत सगळ्याची नोंद होते. हात किती वळले, पाय कुठल्या पेडलवर किती दाबला, सगळं. तुझ्या फेऱ्यांची नोंद काढून बसले, की बघा, खरा चालवणारा कसा चालवतो. अजून पुरती बघून झालेली नाही.

मामा, त्या दिवशी पायात कुठले बूट होते? जाड तळव्याचे होते का? आणि साखरेच्या गोळ्या बदलल्या असं मामी म्हणत होती, तर डॉक्टरांनी बाकी काही तपासलं का? सहज विचारतेय.

आणखी एक. पुढचे काही रविवार घाटात जाऊ नका ना. मला तुमच्याबरोबर यायचंय, आणि सुट्टी मिळायला थोडा वेळ आहे. माझ्यासाठी थांबा.

तुझी,
भिंगरी

२७ जानेवारी

चि. भिंगरी,

मी गाडीबद्दल लिहिलं आणि तू माझ्या बुटांची चौकशी करतेस. बूट तेच, पातळ तळव्याचे, कारखान्यातल्या दिवसांपासूनचे. चाचणी-चालक जाड बूट घालून गाडीत बसला तर त्याला आम्ही हसायचो. गोळ्यांचं म्हणशील तर ते खातं तुझ्या मामीकडे आहे.

तू कधीच ‘सहज’ काही विचारत नाहीस. लहानपणी काच फोडलीस तेव्हाही आधी येऊन ‘मामा, काच महाग असते का’ असं सहज विचारलं होतंस. जे असेल ते सरळ लिही. आणि घाटाचं म्हणशील तर तू येशील तेव्हा ये. आम्ही जाणार.

मामा

ता. क. मी मामी लिहितेय. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी घुसवते. यांना सांगू नकोस. परवा काय झालं, हे बाजारातून आले ते एकाच पायात चप्पल! दुसरी फाटकाशीच गळून पडली होती, आणि हे अख्खा बाजार फिरून आले तरी पत्ता नाही. मी हसून हसून लोळले. हेही हसले. टाचेला बूट चावून जखम झालीय तीही मोज्याला डाग पडला तेव्हा कळली. म्हटलं, तुमचं लक्ष असतं कुठं? तू आलीस की जरा रागव यांना, तुझंच ऐकतात.

१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे पत्र लिहायला माझा हात धजत नव्हता. सरळ लिही म्हणालास, म्हणून सरळ लिहिते.

मागचं पत्र लिहिलं तेव्हाच तुझी नोंद माझी बघून झाली होती, ‘पुरती नाही’ असं खोटंच लिहिलं. तिसऱ्या वळणाच्या आधी तू ब्रेक लावलास. पण ब्रेकबरोबर तुझ्या बुटाची कड ॲक्सिलरेटरवरही होती, आणि ती तशीच दाबलेली राहिली. वळण संपेपर्यंत तू दोन्ही पेडलं एकदम दाबत होतास. गाडीच्या ते लक्षात आलं, तिनं इंजिनाची ताकद आपणहून काढून घेतली आणि एकेका चाकाला ब्रेक लावून तुला वळणातून बाहेर आणलं. तू लिहिलं होतंस, गाडी मला फिरवून आणत होती. मामा, ती खरंच तुला आणत होती.

हे एकदाच झालं असतं तर मी म्हटलं असतं, नवी गाडी, पेडलं जवळजवळ आहेत. पण जवळपास प्रत्येक फेरीत आहे. कुठं ब्रेक फार उशिरा, कुठं गरजेच्या दुप्पट जोरानं. तुझ्यासारखा माणूस असा ब्रेक मारत नाही. मला वाटतं तुझ्या पायांना कळेनासं झालंय. साखरेच्या आजारात असं होतं, हळूहळू, आणि ज्याचं होतं त्यालाच शेवटी कळतं. म्हातारीचे ब्रेक मऊ झालेले नाहीत. मेकॅनिक बरोबर बोलला.

मी आधी आडून आडून विचारलं, कारण मला भीती वाटत होती. आता भीतीपेक्षा घाटाचं चित्र जास्त छळतंय. म्हातारीत असलं काही नाही रे. तिथं तुझी चूक झाली तर सावरणारं कोणी नाही, आणि शेजारी मामी बसलेली असते.

ही नोंद माझ्याशिवाय कुणी पाहिलेली नाही. साहेबांना मी फक्त एवढंच सांगितलं की मामाचं मत धरू नका, त्यांची तब्येत बरी नाही, स्टिअरिंगबद्दलचं माझं म्हणणं मागे घेते.

रागाव, बोलू नकोस माझ्याशी, पण गाडी काढू नकोस. पाया पडते.

भिंगरी

६ फेब्रुवारी

भिंगरे,

असं काय लिहिलंस गं यांना? पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, ते मला दाखवायलाच तयार नाहीत. टाचेची जखम बघू देत नाहीत. आणि काल म्हणाले, ‘रविवारी मी एकटाच घाटात जातो, तू राहा घरी.’ इतक्या वर्षांत मला टाकून कधी गेले नाहीत. भांडलो असलो तरी नाही गेले. मी फुरंगटून बसले तर हॉर्न वाजवत फाटकात उभे राहायचे. माझा जीव थाऱ्यावर नाही. फोन केला तर तू उचलत नाहीस, ट्रॅकवर असशील. हे वाचताच काहीतरी कर.

मामी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

मामीनं तुझ्याशी फोनवर काय रडारड केली ती मला कळलीय. ती संपली असेल तर आता माझं ऐक.

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? खोटं वाटलं. वाटलं, स्वतःची गाडी वाईट ठरू नये म्हणून ही पोर माझ्या पायांवर ढकलतेय. तुझ्याबद्दल असा विचार मी आयुष्यात केला नव्हता. त्याची लाज वाटते.

रविवारी म्हातारीला घेऊन निघालो ते तुला खोटं पाडायलाच. मामीला घरी ठेवलं, याचा अर्थ माझ्या मनाला कुठंतरी तुझं पटलं होतं, पण ते त्या वेळी कबूल करायचं नव्हतं. चढ सुरू होण्याआधी जो पेट्रोल पंप आहे तिथं बाजूला गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. डोळे मिटले. मनाशी म्हटलं, ब्रेक. आणि पाय ठेवला. इतकी वर्षं जिथं ठेवत आलो तिथं. डोळे उघडून वाकून पाहिलं तर पाय ॲक्सिलरेटरवर होता. पुन्हा केलं. या वेळी दोन्हींच्या मधोमध. आणखी एकदा केलं आणि बरोबर ब्रेकवर आला, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. कारण बरोबर आलाय की चुकलाय हे मला बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. जड काहीतरी कशावर तरी टेकलंय, एवढंच कळत होतं. तिथं बसून मी रडलो. मामीला हे सांगू नकोस.

मागच्या रविवारी याच पायानं मी तिला तो घाट उतरवून आणलं होतं. ती शेजारी बसून पेरू खात होती आणि शेजारणीच्या सुनेच्या गोष्टी सांगत होती. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

पंपाच्या मालकाला म्हटलं, मला घरी सोड, गाडी तू चालव. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. माझ्या गाडीचं स्टिअरिंग आजवर मी कुणाला धरू दिलेलं नाही, हे त्यालाही ठाऊक. फाटकात हॉर्न वाजला, तुझी मामी धावत बाहेर आली आणि चालवणाऱ्याच्या जागेवरून दुसराच माणूस उतरताना तिनं पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली आणि मला पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, डोळे मिटा, तळव्याला एक नायलॉनचा धागा टेकवते, कळला की सांगा. मी म्हणालो, ‘लावा की मग, कशाला थांबलात?’ त्या म्हणाल्या, ‘आजोबा, लावून झाला.’ दोन्ही पाय घोट्यापर्यंत गेलेत, स्पर्शच कळत नाही. टाचेला औषधपाणी सुरू आहे, ती भरून येईल. पाय परत येणार नाहीत. परवाना मी आपणहून देऊन टाकतोय. कुणी येऊन काढून घेण्यापेक्षा ते बरं.

आता तुझ्या कामाचं. हे नीट वाच, कारण माझा सगळा राग इथं आहे. त्याच धाग्यानं डॉक्टरीणबाईंनी माझे हात तपासले. दहाच्या दहा बोटं शाबूत. धागा टेकायच्या आत मला कळत होता. तेव्हा ब्रेकबद्दल आणि ॲक्सिलरेटरबद्दल मी जे लिहिलं ते खोडून टाक. ते माझ्या पायांचं दुखणं होतं, मी तुझ्या गाडीच्या माथी मारलं. पण स्टिअरिंग मुकं आहे म्हणजे मुकं आहे! तू साहेबांना जाऊन सांगितलंस की मामाची तब्येत बरी नाही, मत धरू नका. माणूस आजारी पडला म्हणजे सगळाच मोडीत काढायचा का गं?

म्हातारी आता दारात उभी आहे. विकणार नाही. तू घेऊन जा.

मामा

१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

चुकले. तुझे पाय गेलेत हे दिसलं आणि तुझं सगळंच म्हणणं मी आजाराच्या खात्यात टाकून मोकळी झाले. तसं करणं सोयीचं होतं, हेही खरं. नवं स्टिअरिंग बसवायचं म्हणजे साहेबांशी वैर, आणखी किती महिने ट्रॅकवर. तुझ्या दुखण्यानं मला पळवाट मिळाली होती.

तू पेट्रोल पंपाशी थांबलास, ते वाचून मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. चढ चढून गेला असतास तर?

शनिवारी येते. नवी गाडी रस्त्यावर न्यायची परवानगी मिळालीय, माझा एक सहकारी बरोबर आहे. तुला शेजारी बसवून घाट चढणार आहे, आधी नव्या गाडीतून, मग म्हातारीतून. शेजारी बसून काय कळतं ते सांग. सही अजून केलेली नाही.

तुझी,
भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तू गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय. म्हातारी जिथं उभी असायची तिथं तेलाचा डाग आहे, मामी तो पुसायला निघाली होती. मी म्हटलं, असू दे.

तू विचारलंस, शेजारी बसून काय कळलं. मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुझा सहकारी बरोबर होता आणि मला नीट लिहायचं होतं. मी आयुष्यभर चालवणाऱ्याच्या जागेवर बसलो. गाडी चालवताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. शनिवारी पहिल्यांदा पाहिलं. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो, तुझ्याकडे बघत होतो.

नव्या गाडीत तू फार छान चालवलंस. एकही चूक नाही. पण तुझे डोळे सारखे समोरच्या आकड्यांवर जात होते, आणि प्रत्येक वळण संपलं की तू माझ्याकडे बघायचीस, मला आवडलं का म्हणून. तुला आवडतंय की नाही, हे तुझ्या लक्षातही नव्हतं. मग आपण म्हातारीत बसलो. पहिल्या वळणावर तू गिअर चुकवलास आणि तिनं तुला गचका दिला. दुसऱ्यावर तू ओठ चावलास. आणि वर जिथं दरी उघडते त्या लांब वळणावर स्टिअरिंग तुझ्या हातात थरथरलं, तू ते अलगद सैल सोडलंस, आणि मोठ्यानं हसलीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी शेजारी आहे हे विसरली होतीस. लहानपणी माझ्या मांडीवर बसून मोकळ्या मैदानात गाडी गोल गोल फिरवायचीस तेव्हा तशी हसायचीस.

तेव्हा मला विचारू नकोस. तुझी गाडी चांगली आहे. तिनं मला जिवंत परत पाठवलं, आणि उद्या माझ्यासारखाच कुणीतरी हट्टी म्हातारा तिच्यात बसेल, त्यालाही पाठवेल. त्यासाठी मी तिला हात जोडतो. पण तिच्यात तू हसली नाहीस. जोवर हसत नाहीस तोवर स्टिअरिंगवर सही करू नकोस. साहेब काय म्हणायचे ते म्हणोत.

परवाना दिला. आरटीओच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, ‘काका, हरवला म्हणून नवा हवाय का?’ तिला समजावून सांगायला मला वेळ लागला. बाहेर येऊन पायरीवर बसलो होतो. वाईट वाटतं, भिंगरी. फार वाईट वाटतं. ते तुझ्यापासून लपवून काय करू?

आता तू निघालीस तेव्हाचं सांगतो. तू म्हातारीला फाटकातून काढलंस, हात हलवलास आणि रस्त्याला लागलीस. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. आपल्या कोपऱ्यावर रस्ता एकदम आवळतो, तिथं आधी वेग कमी करावा लागतो. मी तुला ते सांगायला विसरलो होतो. पण तू बरोबर जागी ब्रेक लावलास, मागचे लाल दिवे लागले, आणि तू वळून दिसेनाशी झालीस. मामीनं माझा दंड धरला. म्हणाली, ‘अहो, पाय कशाला एवढा दाबताय?’

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय मातीत रुतला होता. मला कळलंच नव्हतं.

मामा